वाडा पडल्यावर फोटो नको, पाडण्याआधी बातमी द्या

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण जुन्या पुण्यातल्या वाड्यांवर पानभर छायाचित्रं छापलीत. छायाचित्रकाराचा हात चांगला आहे. दिंडी दरवाजा, चौकातलं वृंदावन, सुरूदार खांब, महिरपीवरचं केळफूल, सगळं नीट टिपलंय. त्यातला उजवीकडच्या खालच्या फोटोतला वाडा मात्र आता नाही. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तो उतरवला. माझ्या घरापासून चार घरं सोडून होता. तिथे आता पत्रे ठोकलेत आणि पत्र्यांवर येणाऱ्या इमारतीचं रंगीत चित्र लावलंय.

मी कसबा पेठेत भाडेकरूच्या घरात वाढले, लग्न होऊनही याच पेठेत राहिले आणि नोकरीची बहुतेक वर्षं एका मराठी दैनिकासाठी महापालिकेचं बीट केलं, म्हणजे तिथल्या बातम्या दिल्या. मुख्य सभा, स्थायी समिती, शहर सुधारणा समिती, सगळीकडे वही घेऊन बसले. आता निवृत्त आहे, पण पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची सवय गेलेली नाही. म्हणून हे लिहिते आहे.

तो वाडा जाणार हे आपल्या अंकात आधीच छापून आलं होतं. आतल्या पानावर, जाहीर नोटिशींच्या गर्दीत, बारीक टायपात. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात, मग पेठेचं नाव, सिटी सर्व्हे नंबर (मिळकतीचा सरकारी नोंदीतला क्रमांक), चौरस मीटरमधलं क्षेत्र, चतुःसीमा, आणि ही मिळकत आमचे अशील विकसनासाठी घेत आहेत, कुणाचा हक्क-हितसंबंध असल्यास चौदा दिवसांत कागदपत्रांसह कळवावं, नंतरच्या तक्रारीची दखल घेतली जाणार नाही. खाली वकिलांचं नाव. वाडा किती जुना, महापालिकेच्या वारसा यादीत आहे की नाही, आत किती बिऱ्हाडं राहतात, हे त्यात नसतं आणि असायचं कारणही नाही. पण शहर पानाच्या टेबलावरच्या कुणी तो सिटी सर्व्हे नंबर यादीशी ताडून पाहिला असता, तर आठवड्यातली मोठी बातमी त्याला स्वतःच्याच पेपरात सापडली असती. वाडा तेव्हा उभा होता. बिऱ्हाडं आत होती. हरकत घ्यायला, निदान विचारायला, वेळ होता.

माझी मागणी तेवढीच आहे. जुन्या शहराच्या बातम्या निर्णय व्हायच्या आधी द्या. पडल्यानंतरचं हळहळणं वाचकांना आता पाठ झालंय.

वाडा एका रात्रीत पडत नाही, हे मी आमच्याच घरात जवळून पाहिलं. पेठांतल्या वाड्यांचा सांगाडा सागाचा. खाली दगड-विटा, वरच्या भिंती पुष्कळदा पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या. ही माती कोरडी राहिली तर पिढ्यानपिढ्या टिकते, ओली झाली की विरघळते. म्हणून मे महिन्यात शाकारणी करायची: कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, खालच्या रिपा बघायच्या, पुन्हा कौलं चढवायची. शाकारणी चुकली की पहिल्याच पावसात पाणी आत येतं. खोलीत गळलं तर बादली ठेवता येते. घात करतं ते भिंतीत मुरलेलं पाणी. तुळईचं टोक भिंतीत जिथे रोवलेलं असतं तिथे ओल धरते आणि लाकूड आतल्या आत कुजतं. खालून पाहिलं तर तुळई खणखणीत दिसते, रंगसुद्धा तसाच. वडील शिडीवर चढून टोकाशी स्क्रूड्रायव्हर टोचायचे, तर तो मुठीपर्यंत आत जायचा आणि ओला भुसा हातावर यायचा. मग टेकू लागला. एकाचे तीन झाले. मग जिना बंद, वरची दोन बिऱ्हाडं ओसरीवर. पुढच्या पावसाळ्याआधी महापालिकेचा माणूस येऊन दारावर नोटीस चिकटवून गेला: महापालिका अधिनियमाचं कलम २६४, धोकादायक इमारत. आताच्या पद्धतीत स्ट्रक्चरल ऑडिट होतं. सी-१ शेरा पडला की रिकामं करून पाडायचं, एवढीच वाट उरते.

शाकारणी का चुकते, याची बातमी कधी होत नाही. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. १९९९च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, पण मूळ भाडंच इतकं नगण्य की त्याच्या चार टक्क्यांत एक कौलही येत नाही. मालकाला छपरावर पैसे घालायचं कारण उरलं नाही. भाडेकरूने वर्गणी काढून काम करायचं म्हटलं तर मालकाची हरकत, कारण छप्पर टिकलं तर भाडेकरू टिकतो. मालक म्हणजे तरी कोण? मूळ मालकाचे वारस, कुणी सदाशिव पेठेत, कुणी ठाण्यात, कुणी अमेरिकेत. सगळ्यांच्या सह्या एका कागदावर यायला एक पिढी जाते. तोवर वाडा सी-१मध्ये पोचलेला असतो आणि मग सह्या भराभर होतात.

भाडेकरूलाही मी देव्हाऱ्यात बसवत नाही. सार्वजनिक संडास, काळोखा जिना, वर पाणी चढत नाही. अशा घरात सून आणायची कशी, हा प्रश्न आमच्याही घरात रात्र-रात्र चालला होता. वाड्यातल्या माणसाला नवं, स्वच्छ, लिफ्ट असलेलं घर हवं असेल तर त्याचा राग करू नये. पण तो बाहेर पडायला घाबरतो, कारण एकदा ताबा सोडला की नव्या इमारतीत जागा मिळेल याची त्याला खात्री नसते. म्हणून टेकू लावलेल्या खोलीत तो झोपतो. दर पावसाळ्यात 'नोटिसा देऊनही रहिवासी घरे सोडेनात' असा मथळा येतो आणि चूक रहिवाशांची ठरते. एखाद्या वार्ताहराने त्यांच्यासोबत ओसरीवर तासभर बसून विचारावं: लिहून काय मिळालं, कुणाची सही आहे, ट्रान्झिटचं, म्हणजे इमारत होईपर्यंतच्या तात्पुरत्या घराचं, भाडं किती महिने आलं? हे तीन प्रश्न छापले तरी पुष्कळ होईल.

आता महापालिकेविषयी. वाड्यांचं नशीब ज्या कागदांवर ठरतं, ते गुप्त नसतात. नगरसचिव कार्यालयातून कार्यपत्रिका, म्हणजे सभेपुढच्या विषयांची यादी, निघते. जागेवरचं आरक्षण, म्हणजे ती कोणत्या सार्वजनिक कामासाठी राखली आहे ते, बदलायचं असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो, त्याची सूचना राजपत्रात छापून हरकतींना एक महिना द्यावा लागतो; ती स्थानिक वर्तमानपत्रांतही येते. म्हणजे वर्तमानपत्राला यात जागा आहेच. सूचना छापल्याचे पैसे आपल्याला मिळतात, ती वाचायला मात्र कुणाला नेमलेलं नसतं. माझ्या नोकरीच्या काळात कार्यपत्रिका हाती आली की आम्ही वार्ताहर आधी शेवटचं पान उलटायचो, कारण गडबड असायची ती आयत्या वेळच्या विषयांत आणि उपसूचनांत, म्हणजे मूळ ठरावाला जोडलेल्या दुरुस्त्यांत. मूळ ठराव रस्त्याच्या नावाचा, उपसूचना भूखंडाच्या वापराची, असं डोळ्यांदेखत मंजूर होताना पाहिलंय. गॅलरीत कुणी बसलंय हे दिसलं की सभासद थोडे सावध बोलायचे. रात्री साडेदहापर्यंत सभा चालली तरी आम्ही उठायचो नाही, याचं कारण तेच.

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं पुणे महापालिकेवर प्रशासक होते. मुख्य सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार एकाच टेबलावर. चर्चा नाही, उपसूचना नाही, गॅलरी नाही. निर्णय थांबले नव्हते, त्यांची बातमी थांबली. सभेला जायचं नसल्यामुळे बीटवरची मुलं प्रेसनोटवर आली आणि प्रेसनोटमध्ये कोणता वाडा यादीतून कोणत्या श्रेणीत सरकला हे कुणी कळवत नाही. जानेवारी २०२६च्या निवडणुकीनंतर सभागृह पुन्हा भरलं आहे. नव्या नगरसेवकांपैकी किती जण जुन्या पेठांची वारसा यादी उघडून बघतात, ते विचारायची हीच वेळ आहे. निवडणुकीत मत मागायला आले तेव्हा 'वाड्यांचा प्रश्न मार्गी लावू' असं सगळ्याच पक्षांचे लोक आमच्या दारात म्हणाले होते. मार्गी म्हणजे कुठे, ते कुणी सांगितलं नाही.

पेपरांनी मनावर घेतलं तर काय होतं, तेही याच शहराने पाहिलंय. २०१३च्या मार्चमध्ये जुन्या हद्दीचा प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला. तेव्हा वर्तमानपत्रांनी नकाशे छापले, कोणत्या पेठेत कोणतं आरक्षण उठलं आणि कुठे बसलं ते दिवसामागून दिवस सांगितलं. सत्याऐंशी हजारांवर हरकती आणि सूचना आल्या. रांगा लागल्या. एरवी नगररचना खात्याची पायरी न चढलेल्या बायका हातात पेपरचं कात्रण घेऊन उभ्या होत्या, मी त्यांच्याशी बोलले आहे. पुढे २०१५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडा महापालिकेकडून काढून घेतला आणि २०१७च्या सुरुवातीला मंजूर केला. त्यात जे झालं ते सगळं चांगलं झालं असं मी म्हणणार नाही, पण लोकांना कशावर बोलायचं ते वेळेवर कळलं होतं.

याच्या उलट भिडे वाडा. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा जिथे भरवली ती बुधवार पेठेतली जागा. स्मारक व्हायला हवं यावर पुण्यात दुमत असायचं कारण नव्हतं. महापालिका, मालक, भाडेकरू यांचा दावा वर्षानुवर्षं कोर्टात चालला आणि इतकी वर्षं वाडा मोडकळत राहिला. पेपरात तारखा येत राहिल्या. शेवटी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकाल लागला आणि डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्री पोलीस बंदोबस्तात जे उरलं होतं ते जमीनदोस्त केलं. सकाळी फोटो आले: दगडूशेठ गणपतीसमोरचा रस्ता, जेसीबी, ढिगारा. स्मारक व्हावं ही माझीही इच्छा आहे. पण ज्या भिंतींच्या आत मुलींनी पहिल्यांदा अक्षरं गिरवली, त्यांतली एखादी भिंत, एखादा दरवाजा, निदान मोजमाप घेऊन केलेलं रेखाटन मागे ठेवावं, हा प्रश्न पाडण्याच्या आधी जोरात विचारला जायला हवा होता. तो विचारायचं काम वर्तमानपत्राचं होतं, कोर्टाचं नव्हे.

जोतीरावांचं नाव आलंच आहे तर आणखी एक सांगते. १८७६ पासून काही वर्षं ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. मंडईच्या इमारतीवर एवढा मोठा खर्च करण्याला त्यांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवा, असं त्यांचं मत होतं. त्यांचं ऐकलं गेलं नाही. १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने 'रे मार्केट' उघडलं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्या मंडईला महात्मा फुल्यांचं नाव दिलं गेलं. आज ती इमारत शहराच्या अभिमानाची आहे, शेजारून भुयारी मेट्रो जाते, तिच्या स्थानकाला मंडईचंच नाव आहे. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की जोतीरावांचा विरोध आपल्याला आजही माहीत आहे. सभागृहात कोण काय बोललं, कोण एकटा पडला, ते त्या काळी नोंदलं गेलं. पुण्यात 'ज्ञानप्रकाश' १८४९ पासून निघत होता, 'दीनबंधु' १८७७ मध्ये सुरू झाला, 'केसरी' १८८१ मध्ये. गावच्या कारभारावर ही पत्रं तुटून पडायची. परवाच्या निर्णयात कुणी विरोध केला होता का, हे शंभर वर्षांनी कुणाला शोधायचं झालं तर आपल्या अंकातून काय सापडेल?

टिळकांनी १९०५ मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांकडून गायकवाड वाडा घेतला आणि 'केसरी' तिथे आला. नारायण पेठेतला तो वाडा आजही वापरात आहे. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा कधी पाठशाळा झाला, कधी कचेरी. एके काळी खुद्द महापालिकेचा कारभार तिथून चालला. माणसांची ये-जा राहिली म्हणून या वास्तूंची कौलं कुणीतरी वेळच्या वेळी बघितली. नुसतं कुलूप लावून 'वारसा' अशी निळी पाटी ठोकलेल्या वास्तूंची अवस्था माझ्यापेक्षा आपल्या छायाचित्रकाराला जास्त ठाऊक असेल.

शनिवारवाड्याभोवतीच्या घरांचा विषय वेगळा आणि जास्त अवघड आहे. केंद्राच्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरमध्ये नवं बांधकाम बंद, त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित. आमच्या ओळखीतली किती तरी कुटुंबं त्या शंभर मीटरांत अडकलीत. २०२३च्या कसबा पोटनिवडणुकीत प्रत्येक सभेत हा विषय निघाला. कायदा संसदेचा आहे, तो नगरसेवकाच्या हातात नाही, हे मतदाराला स्पष्ट सांगणारी बातमी मला कुठे दिसली नाही. दुरुस्तीला परवानगी घेऊन वाव आहे, हेही बहुतेक रहिवाशांना माहीत नाही. परवानगीचा अर्ज कुठे करायचा, सोबत काय जोडायचं, किती दिवस लागतात, एवढं एका चौकटीत छापलंत तर त्या कुटुंबांवर उपकार होतील. एका घरात म्हातारी आजी टेकूखाली स्वयंपाक करते. तिच्या मुलाला मी हे तोंडी सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, पेपरात आलं असतं तर वॉर्ड ऑफिसात दाखवता आलं असतं."

तेव्हा संपादक महोदय, करायचं काय ते मी सांगते. दर गुरुवारी शहर पानावर अर्धा कॉलम द्या. त्यात वारसा समितीसमोर त्या आठवड्यात कोणत्या मिळकती आल्या ते छापा, पेठ आणि घर क्रमांकासह. कलम २६४च्या नोटिसा निघाल्या त्यांतल्या वारसा यादीतल्या कोणत्या, तेवढ्या वेगळ्या काढा. कलम ३७चा फेरबदल निघाला तर हरकतीची शेवटची तारीख ठळक टायपात द्या. आणि आपल्याच जाहीर नोटिशींतला एखादा नंबर यादीशी जुळला, तर तिथे वार्ताहर पाठवा, वाडा उभा असताना. माहिती अधिकारात अर्ज करावा लागला तर तोही करा; वर्तमानपत्राच्या वार्ताहराने केलेल्या अर्जाकडे लोक जरा वेगळ्या नजरेने बघतात हे मला अनुभवाने माहीत आहे. बिल्डरांच्या पानभर जाहिराती आपल्याला मिळतात आणि पगार त्यातूनच होतात, हे मी पगार घेतलेली बाई आहे, मला समजतं. पण यादी छापल्याने कुणाची जाहिरात बंद होत नाही. झालीच, तर ती का झाली तेही वाचकांना कळू द्या.

माणूस नाही, ही अडचण असेल तर ती मी सोडवते. आपल्या अंकातल्या जाहीर नोटिसा मी रोज सकाळी वाचतेच. पेठांतल्या सिटी सर्व्हे नंबरांची माझी वही आहे, वारसा यादीची प्रतही आहे. जुळणारे नंबर दर बुधवारी दुपारपर्यंत शहर पानाच्या टेबलावर आणून देईन. मोबदला नको. खातरजमा मात्र तुमच्या वार्ताहराने जागेवर जाऊन करावी, कारण माझे गुडघे आता जिने चढू देत नाहीत. पहिली यादी या पत्रासोबत जोडली आहे. त्यातल्या दोन नोटिसांची मुदत पुढच्या सोमवारी संपते, तेवढं आधी बघावं.

कळावे,

आपली वाचक,
एक निवृत्त वार्ताहर
कसबा पेठ, पुणे